एक शब्द खोटा दाखवा

"‘हुंगते’ म्हणालीस तू."

"मग? हुंगलाच तिनं."

"वास घेतला तिनं."

"ते एकच."

"एकच असतं तर अख्खी रांग हसली नसती."

"रांग माझ्यामुळे हसली कशावरून? तिच्या तोंडाकडे बघून हसली असेल."

"अगं, त्यांना तिचं तोंड दिसत असतं तर तुला कशाला बसवलं असतं इथं?"

वहिनींचा हात माइककडे गेला. मग म्हणाल्या, "ओरडू नका. माइक चालू असेल."

"बंद केलाय मी."

"माझा माइक बंद करणारे तुम्ही कोण?"

मी चहाचे दोन कप घेऊन दारात उभी. आत जावं तर भांडणात पाय पडतो, परत जावं तर चहा गार होतो. शिवाय खरं सांगायचं तर मला ऐकायचं होतं. त्या नाटकात माझं काम दार उघडण्याचं. बेल वाजली की दार उघडायचं, ‘या’ म्हणायचं आणि आत निघून जायचं. उरलेला वेळ मी कुणाच्याही भांडणात उभी राहायला मोकळी.

आमच्या थिएटरच्या अगदी मागे, शेवटच्या रांगेच्याही वर, लोखंडी जिना चढून गेलं की ही केबिन. पुढून काच. त्या काचेतून रंगमंच असा दिसतो, की वाटावं काड्यापेटीत ठेवून घरी न्यावा. डावीकडे भाऊंचा लाइटचा बोर्ड, त्यावर उजेड कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या; उजवीकडे वहिनींचं टेबल, टेबलावर माइक आणि वाकड्या मानेचा दिवा. दोघांच्या मध्ये आणखी एक काच आहे, भाऊंचं पुटपुटणं वहिनींच्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून. भाऊ प्रयोगभर पुटपुटतात ते फक्त दिव्यांचे नंबर. एरवी त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दात काढण्यासारखं.

भाऊ आमचे लाइटवाले, वहिनी त्यांची बायको. आणि वहिनींचं काम म्हणजे बघणं. बघून सांगणं. रविवारी दुपारच्या प्रयोगाला ज्यांना दिसत नाही असे प्रेक्षक येतात. तिसरी रांग त्यांची. दारात प्रत्येकाला कानात घालायचं एक छोटं यंत्र मिळतं आणि त्यातून वहिनींचा आवाज येतो. नट बोलत असले की वहिनी गप्प. दोन वाक्यांच्या मध्ये जी फट पडते तेवढ्यात त्या सांगणार: उठतो. खिडकीशी जातो. पत्र फाडतो. फट संपायच्या आत शब्द संपला पाहिजे. म्हणून सगळं आधी लिहून काढायचं, तालमीला बसून, पेन्सिलनं.

आज काय झालं होतं, तर शेवटच्या प्रवेशात नवी त्या रिकाम्या घरात येते. नवी म्हणजे आमची मुख्य नटी. घर सोडून गेलेल्या आईचं काम करते. बऱ्याच वर्षांनी परत येते तेव्हा घरात कुणी राहत नसतं. ती ड्रॉवर उघडते, आत मुलाचा लहानपणचा स्वेटर सापडतो, तो ती चेहऱ्याशी नेते. या सगळ्यात एक अक्षर नाही. नुसती शांतता. थिएटर श्वास धरून बसलेलं असतं, पर्समधून रुमाल निघायला लागतात. आणि आज त्या शांततेत तिसरी रांग हसली. आधी एकजण फिसकन, मग शेजारचा, मग सगळेच, हसू दाबायला गेलं की जास्त येतं तसे. रंगमंचावर नवीच्या हातातला स्वेटर थरथरला. सगळ्या थिएटरला वाटलं तो अभिनय. मी विंगेत होते, मला तिचा चेहरा दिसला.

वहिनींनी त्या शांततेत सांगितलं होतं: "स्वेटर नाकाला लावते. हुंगते."

"एक शब्द खोटा दाखवा," वहिनी आता म्हणत होत्या. "एक. स्वेटर नव्हता? नाक नव्हतं?"

भाऊ बोर्डावरची एकेक पट्टी खाली ओढत राहिले.

वहिनींना हे काम शिकवलं ते त्यांच्या सासूबाईंनी. त्या आता नाहीत, पण त्यांची गोष्ट वहिनी रंगवून सांगतात. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंची नजर जवळजवळ गेलेली. रस्त्याकडच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या आणि सुनेला विचारायच्या, "कोण आलंय गं?"

"समोरची उगवलीय परत."

"‘उगवली’ नको. ‘आली’ म्हण. उगवली की आली ते मी ठरवीन. डोळे गेलेत माझे, डोकं नाही गेलं."

मग सून नीट सांगायची. समोरची आली. हातात पिशवी आहे. पिशवी रिकामी आहे. फाटकाशी थांबली. आपल्या स्वयंपाकघराकडे बघतेय.

"हां," सासूबाई म्हणायच्या. "आता उगवली."

पुढे वहिनी थिएटरात आल्या त्या विंगेत बसून विसरलेली वाक्यं पुरवायला. तिसऱ्या रांगेचं काम सुरू झालं तेव्हा मॅनेजरना दुसरं कुणी आठवलंच नाही. माणूस खोलीत येतो याला आपल्याकडे किती शब्द आहेत ते मला वहिनींच्या कागदांवरून कळलं. येतो, शिरतो, घुसतो, डोकावतो, टपकतो, अवतरतो. बाजारात भाजी चाचपून परत ठेवावी तसे त्या एकेक शब्द चाचपायच्या, परत ठेवायच्या आणि शेवटी ‘येतो’ घेऊन घरी जायच्या. "बाकीचं त्यांच्या मनात घडतं," म्हणायच्या. "आपण कशाला पुढे पुढे करायचं?"

अशा बाईच्या तोंडी ‘हुंगते’ आला कुठून?

तर त्याला कारण एक शब्द. तोही भाऊंचा.

लाइट लावायचे म्हणजे रंगमंचावर कुणीतरी उभं राहावं लागतं, नाहीतर दिवा कुठे पडतोय ते कळणार कसं? नटमंडळी वेळेवर येत नाहीत, आली तर उभी राहत नाहीत. म्हणून प्रत्येक नव्या नाटकाला भाऊ शिडीवर आणि वहिनी खाली, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. राणी असो, मोलकरीण असो, खून झालेली बाई असो, तिच्या जागी आधी वहिनी उभ्या राहिलेल्या असायच्या.

"अर्धं पाऊल डावीकडे."

"हं."

"हनुवटी वर. हां. हलू नकोस."

"नाक खाजतंय."

"खाजू दे."

"जेवताना मान वर करून बघत नाही हा माणूस," वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "आणि शिडीवर चढला की तासभर माझ्याकडे बघतो." एवढं बोलून त्यांनी घाईघाईनं माझ्या कॉलरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

मग नवी आली. आमच्यात येऊन तिला तसा बराच काळ झाला, पण वहिनींनी ‘नवी’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. पोरगी गुणी. वेळेच्या आधी हजर. या नाटकाचे लाइट लागत होते तेव्हा वहिनी आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या, तशी ही धावत वर आली.

"अहो वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? मीच उभी राहते ना. माझीच उंची, माझेच गाल. भाऊंनाही बरं पडेल."

यात रागवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. म्हणूनच तर पंचाईत झाली. वहिनींनी पर्स उचलली, खाली आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

"अर्धं पाऊल डावीकडे," वरून भाऊ म्हणाले. "हनुवटी वर. हां."

तेच शब्द. तोच आवाज. वहिनी पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

त्या दिवशी चहाच्या वेळी दिग्दर्शकानं सहज विचारलं, "काय भाऊ, कशी काय आपली नवी?" आणि ज्या माणसाला ‘हो’ म्हणायचंही जिवावर येतं तो बशीतल्या चहाकडे बघत म्हणाला, "उजेड थांबतो तिच्या चेहऱ्यावर."

मी वहिनींच्या शेजारीच होते. त्यांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला.

घरी गेल्यावर काय झालं ते त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी, मेकअपच्या खोलीत, दार लावून सांगितलं.

"मी विचारलं, आणि माझ्या? तर म्हणतात, तुझ्या काय? म्हटलं, चेहऱ्यावर. माझ्या चेहऱ्यावर काय करायचा उजेड? तर विचार करून, हां, चांगला विचार करून म्हणाले, ‘नीट पडायचा.’"

"मग बरं आहे की, वहिनी."

"बरं? हिच्यावर थांबतो आणि माझ्यावर पडतो! भिंतीवरून पाल पडावी तसा!"

मला हसू आलं आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी. मी हसू गिळलं.

तिथून शब्द बदलायला लागले. इतके हळूहळू, की आधी माझ्याही लक्षात आलं नाही. प्रयोगाआधी वहिनी आरशासमोर बसून कागद वाचायच्या आणि मी बाजूला केस विंचरत असायची. आधी ‘हसते’ होतं, त्याचं ‘दात दाखवते’ झालं. ‘केस सावरते’ होतं, तिथं ‘केसांशी चाळा करते’ आलं. नवी दुसऱ्या अंकात आजारी नवऱ्याच्या खोलीतून थकून बाहेर येते, तर ‘हळूहळू येते’ खोडून वहिनींनी ‘रखडत येते’ लिहिलं. ‘बसते’च्या आधी ‘धपकन’ आलं. आणि जिथं ‘आरशात बघते’ होतं तिथं नुसता एक शब्द वाढला: ‘पुन्हा’.

"वहिनी, हे जरा…"

"काय जरा? बघत नाही ती पुन्हा?"

"बघते."

"दात दिसत नाहीत हसताना?"

"दिसतात."

"मग एक शब्द खोटा दाखव."

मला दाखवता येईना. दात दिसत होतेच. पण वहिनींचा आवाज कानात घालून मी एक प्रयोग ऐकला आणि मला त्या बाईचा राग यायला लागला. जी बाई नवी करत होती तिचा नव्हे. वहिनींच्या कागदावर दुसरीच कुणीतरी राहायला आली होती. चाळे करणारी, दात दाखवणारी, आरशापुढून न हलणारी.

तिसऱ्या रांगेला तीच दिसत होती. तिथं नेहमी येणाऱ्या दोघी बहिणी आहेत. प्रयोग संपल्यावर कोट चढवता चढवता धाकटी थोरलीला म्हणाली, "बाकी सगळे छान गं, पण ती नटी जरा उथळच वाटते, नाही?" वहिनी यंत्रं गोळा करत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की भाऊंनी दिवा मारला असता तरी इतका उजळला नसता.

आणि आज हा ‘हुंगते’.

मी कप टेबलावर ठेवत होते तेवढ्यात लोखंडी जिना वाजला. एकेक पायरी, सावकाश. ऑपरेटर काका. पूर्वी टेलिफोन ऑफिसात होते, जन्मभर लोकांचे आवाज जोडून दिले. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. वर केबिनमध्ये कधी येत नसत.

"येऊ का?"

"या काका. शेवटची पायरी उंच आहे."

"माहीत आहे. पहिल्यांदा थिएटर दाखवलंस तेव्हा तूच सांगितली होतीस." ते चौकटीला हात लावून उभे राहिले. "सगळ्यात आधी मी हसलो आज. ते सांगायला आलो."

"त्यात काय, हसू आलं तर…"

"तसं नाही. हसता हसता कानातलं यंत्र निघालं माझं. बघतो तर सगळं थिएटर रडतंय! मला कळेना, मी भलत्याच नाटकाला येऊन बसलोय की काय." काका हसले, पण वहिनी हसल्या नाहीत. "एक विचारू? ती बाई धपकन बसते, असं सांगतेस तू."

"हो."

"मला येत नाही आवाज."

"कसला आवाज?"

"धपकनचा. ती खुर्ची कुणीही बसलं की करकरते. नवरा बसला की करकरते, तो वकील बसला की करकरते. ही बसली की गप्प. मी म्हटलं, आता कानही चालले वाटतं आपले." त्यांनी यंत्र चाचपत टेबलावर ठेवलं. "तुझ्यावर शंका नाही हं. तू म्हणालीस ना, मग मी धपकनच बघितली. मी काय, तू दाखवशील तेच बघणार."

काका निघून गेले. भाऊ काचेपलीकडे पाठ करून उभे होते. दुसरा कुणी असता तर ‘बघ’ म्हणाला असता. भाऊ तेही म्हणाले नाहीत. वहिनी त्या यंत्राची वायर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

काका जिना उतरतात न उतरतात तोच नवी वर आली. अर्धा मेकअप उतरलेला, एक गाल तिचा, एक त्या बाईचा.

"वहिनी, खरं सांगा. माझं काय चुकलं?"

"कुठं?"

"स्वेटरपाशी. लोक हसले. तुम्ही रोज बघता मला. माझं मला कुठं दिसतं? दिग्दर्शक म्हणतात छान, ते काय, पडदा अडकला तरी छान म्हणतात. मी तिथं काय करते ते जसंच्या तसं सांगा ना. नाहीतर पुढच्या रविवारपासून मी तो उचलतच नाही. ड्रॉवर बंद करते आणि जाते."

‘नको उचलूस’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. तेही कुणाला खोटे दाखवता आले नसते, सल्लाच तो. नाटकातला तो क्षण गेला असता, त्या क्षणाचा उजेड गेला असता, आणि नवी वर आभार मानून गेली असती. वहिनींच्या ओठांवर ते शब्द आलेले मला दिसले. भाऊंचा हात पट्टीवर थांबला होता.

वहिनींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू तो उचलतेस," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा, तोंडात चुना गेल्यासारखा. "घडी मोडत नाहीस. चेहऱ्याशी नेतेस. डोळे मिटत नाहीस. मग होता तसा परत ठेवतेस."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हसले का?"

"तुला नाही हसले."

"मग कुणाला?"

"जा, तोंड धू. रंग ओघळलाय तुझा."

तेही खरं होतं.

पुढच्या रविवारी मी मेकअपच्या खोलीत शिरले तेव्हा वहिनी कागदांवर वाकल्या होत्या. टेबलभर खोडरबराचा चुरा. ‘दात दाखवते’ गेलं होतं. ‘चाळा’ गेला होता. ‘पुन्हा’ इतक्या जोरानं खोडला होता की कागदाला भोक पडलं होतं.

"बघतेस काय? हात दुखला माझा," वहिनी म्हणाल्या. "साधं ‘हसते’ लिहायचं तर पेन्सिल पुढं सरकेना. हसते! हसते म्हणे! अगं, मला तर दातच दिसतात अजून."

"मग राहू द्या ना एखादा."

"नको. काका येतील."

त्या दिवशी माझं दार उघडून झालं आणि मी धावत केबिनमध्ये गेले, जास्तीचं यंत्र कानात घालून कोपऱ्यात उभी राहिले. वहिनी काचेला नाक लावल्यासारख्या पुढे झुकलेल्या. शेवटचा प्रवेश आला.

"ती आत येते," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "ड्रॉवर उघडते. एक लहान स्वेटर. उचलते. घडी मोडत नाही. चेहऱ्याशी धरते."

मग थांबल्या.

"डोळे उघडे आहेत."

यापुढे ‘परत ठेवते’ यायला हवं होतं. पण नवीनं ठेवलाच नाही. तिला काय झालं कोण जाणे, ती तशीच उभी राहिली. आणि ती काही करत नव्हती म्हणून वहिनींनीही काही सांगितलं नाही. दिसतंय तेच सांगायचं. दिसत काहीच नव्हतं. कानात नुसता त्यांचा श्वास. तिसऱ्या रांगेत ऑपरेटर काका खुर्चीच्या कडेला आले होते. धाकट्या बहिणीनं थोरलीचा हात धरला होता. सगळे दिवे उतरले होते, फक्त एक उरला होता, नवीच्या चेहऱ्यावरचा, आणि तो हलत नव्हता.

मी वहिनींकडे बघितलं. काचेतून त्या जशा बघत होत्या तसं मी कधी कुणाकडे बघत असेन, तर तेव्हा मला कुणी बघू नये. जे दिसत होतं ते त्यांना आवडत होतं, आणि आवडत होतं म्हणून सहन होत नव्हतं.

"परत ठेवते," शेवटी त्या म्हणाल्या.

त्या शब्दाबरोबर उजेड गेला. अगदी बरोबर. मला ते जरा विचित्र वाटलं, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात.

प्रयोग संपला. खाली माणसं उठायला लागली. वहिनींनी माइक बंद केला, मधल्या काचेचं दार सरकवलं आणि सरळ भाऊंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"झालं समाधान? थांबला ना तुमचा उजेड?"

"थांबला."

"टाळ्या कुणाला? तिला. लाइटची तारीफ होईल ती तुमची. आणि तोंडावर कुलूप लावून बसले कोण? मी."

"म्हणून तर थांबला."

"म्हणजे?"

भाऊंनी डाव्या कानातून काहीतरी काढलं आणि बोर्डावर ठेवलं. तिसऱ्या रांगेचं यंत्र.

"हे तुमच्याकडं कशाला?"

"पहिल्यापासून आहे."

"कशाला पण?"

"नाटक कुठं बघतो मी? मला खाली नंबर बघायचे असतात." एवढं बोलून ते थांबतील असं मला वाटलं, पण त्या दिवशी भाऊ बोलत राहिले, अंधारात पायरी चाचपावी तसं एकेक वाक्य. "तू म्हणतेस ‘खिडकीशी जाते’, की मी खिडकी उजळतो. ‘ठेवते’ म्हणालीस, की खाली ओढतो. तू ‘रखडते’ म्हणायला लागलीस ना, तेव्हा माझाही हात रखडायला लागला. दिग्दर्शकानं विचारलं मला, लाइट असे मरगळलेले का?"

वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं ऐकत होतात?"

"‘धपकन’सुद्धा."

"आणि बोलला नाहीत?"

"‘हुंगते’ला बोललो की."

वहिनी क्षणभर गोंधळल्या. पण इतके आठवडे पोटात धुमसलेलं असं कसं विझेल? "बरं, मग ‘थांबतो’ कुठून आलं? तेही मीच सांगितलं होतं वाटतं?"

"हो."

"काय हो?"

"तूच म्हणालीस." भाऊंना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं, हिला कसं आठवत नाही याचं. "पहिली तालीम. तू माइक तपासत होतीस. ती दिव्याखाली आली. तू म्हणालीस, ‘उजेड तिच्या चेहऱ्यावर थांबतो.’ मग म्हणालीस, ‘नको, हे जास्त होतंय,’ आणि पुढं गेलीस. मी ऐकलं. मला आवडलं ते. लाइट लावले त्या दिवशी चहाला दिग्दर्शकानं विचारलं तर तेच सांगितलं. माझ्याकडं कुठले आलेत शब्द?"

घरभर शोधलेली किल्ली आपल्याच मुठीत निघावी तशा वहिनी उभ्या होत्या. ज्या शब्दासाठी त्या जळत होत्या तो त्यांच्याच तोंडून पडला होता, आणि नको म्हणून टाकला होता. मला वाटलं, आता हसतील. त्या हसल्या नाहीत. उलट एक पाऊल पुढे आल्या.

"बरं. तिचा शब्द माझा," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "आणि मी? इतकी वर्षं तुमच्या शिडीखाली उभी राहिले. तेव्हा काय करायचा उजेड?"

भाऊंनी विचार केला. खरंच केला; कपाळावर आठी पडली.

"ते कुणी सांगितलंच नाही मला."

"कुणी सांगायचं?"

"तू खाली उभी असायचीस ना. मग माइकवर कोण असणार?" त्यांनी बोर्डावरचं यंत्र उचललं आणि परत कानात घातलं. अगदी मनापासून, मोठा प्रवेश सुरू होण्याआधी घालतात तसं. "मला दिसत होतं सगळं. पण त्याला म्हणायचं काय ते मला नाही येत. तू सांग. कशी दिसायचीस? तू जे म्हणशील तेच मी म्हणेन. हवं तर सगळ्यांसमोर म्हणेन."

आणि ते वाट बघत राहिले, एक हात पट्टीवर ठेवून.

वहिनी टेबलाशी गेल्या. माइककडे बघितलं. काचेपलीकडे रिकामा रंगमंच होता आणि काचेत, रंगमंचाच्या वर, त्यांचा स्वतःचा चेहरा, टेबलावरच्या दिव्यात अर्धा. तोंड उघडलं. जिच्याकडे प्रत्येक बाईसाठी शब्द होता तिच्या तोंडातून नुसती हवा आली.

"अगं, म्हण ना," भाऊ म्हणाले. "कशी दिसायचीस?"

वहिनींनी टेबलावरचा दिवा बंद केला, पर्स उचलली, मला बाजूला सारलं, दार उघडलं आणि बाहेर गेल्या.